छज्ज्याची टीप

पहिली नोकरी मला जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये मिळाली, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा आणि वर आम्ही चौघं कॉम्प्युटरच्या पडद्यावर इमारती काढत बसलेलो असायचो. ऑफिसचे मालक आर्किटेक्ट होते. त्यांचं घराणं मराठ्यांच्या काळात चाकरीला म्हणून इकडे आलेलं, घरात मराठी बोलणारं. पण ऑफिसात ते सगळ्यांशी हिंदीतच बोलत. त्यांना आम्ही सर म्हणत असू.

मला सांगायचं आहे ते मात्र तिथल्या सगळ्यांत जुन्या ड्राफ्ट्समनबद्दल. मी त्यांना भाऊ म्हणायची. चाळिशी ओलांडलेले, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम एक शिसपेन्सिल, जरी कागदावर काढायचं काम कधीच संपलं होतं तरी. त्यांचे आजोबा वर्ध्याकडून नोकरीसाठी जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेलं आणि आजोबा इकडेच राहिले. भाऊ म्हणायचे, "आम्ही कुठंच गेलो नाही. लाइन आमच्या अंगावरून गेली." हे ते हसून सांगत. त्या काळी ते बरंच हसत.

मी डिप्लोमा करून आले होते आणि मला सॉफ्टवेअर येतं असं मला वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात मी एका घराचं सेक्शन काढलं. सेक्शन म्हणजे इमारत सुरीने कापली तर आत काय दिसेल ते चित्र. प्लॅनवर एक रेघ ओढायची, रेघेच्या टोकाला बाण काढायचा, आणि बाण जिकडे तोंड करून असेल तिकडचं दिसतं ते काढायचं. माझा बाण पूर्वेकडे होता आणि जिना पश्चिमेचा काढला होता. भाऊंनी ते पाहिलं आणि मला खुर्चीतून उठायला सांगितलं. मग मला दाराकडे पाठ करून उभं केलं आणि विचारलं की आता तुला दार दिसतं का. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग कागदावर कसं काय दिसलं. एवढंच. चूक सगळ्यांसमोर दाखवली, तरी अपमान वाटला नाही. त्यांची शिकवण्याची रीतच तशी होती.

माझ्या आधीपासून ऑफिसात एक त्रास होता, टिपांचा. प्रत्येक ड्रॉइंगवर काही टिपा लिहाव्या लागतात: पाया किती खोल, विटा कोणत्या, ओलीपासून बचावाचा थर कुठे, सळई कुठल्या बाजूला. पूर्वी ज्याला जे हवं ते तो जुन्या कामातून उचलून नव्या कामात चिकटवायचा. त्यात शाळेची टीप बंगल्यात यायची. सदर भागातल्या एका निवृत्त मेजरसाहेबांच्या घराच्या नकाशावर "विद्यार्थियों के लिए पीने का पानी" असं छापून गेलं होतं आणि मेजरसाहेबांनी फोन करून विचारलं होतं की किती विद्यार्थी पाठवताय. ही गोष्ट ऑफिसात वर्षभर सांगितली जायची.

भाऊंनी यावर उपाय काढला. सगळ्या टिपा नीट तपासून, हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून, त्यांनी एका फाइलमध्ये ठेवल्या आणि प्रत्येकीला नंबर दिला. सेक्शनवर आता लांबलचक मजकूर लिहायचा नाही; जिथे जे सांगायचं तिथे एक रेघ आणि तिच्या टोकाला गोलात नंबर. नंबराचा अर्थ पहिल्या शीटवरच्या तक्त्यात. मूळ फाइलमध्ये एक शब्द बदलला की सगळ्या कामांत तो आपोआप बदलायचा. सेक्शनचं नाव बदललं की प्लॅनवरच्या बाणाशेजारचं नावही बदलायचं. यासाठी भाऊ पूर्ण हिवाळाभर घरी जायच्या आधी थांबून काम करत होते. सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले की आता ड्रॉइंग ड्रॉइंगसारखं दिसतं. खरंच दिसत होतं. आधी आमची सेक्शनं मजकुराने बुजलेली असत. आता पांढऱ्या जागेत भिंत, स्लॅब, पायरी स्वच्छ उठून दिसायची. भाऊंना त्याचा अभिमान होता. नव्या माणसाला ते आधी ती फाइल दाखवत, मग चहाची जागा.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका कोचिंग क्लासच्या इमारतीचं काम होतं. शहराच्या कडेला नवी वस्ती होत होती, तिथे दोन मजले. प्रवेशावर मालकाला रुंद छज्जा हवा होता, मुलं पावसात उभी राहतील असा. छज्ज्याचं सेक्शन भाऊंनी स्वतः काढलं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. छज्जा भिंतीतून बाहेर आलेला असतो आणि पुढच्या टोकाला त्याला आधार नसतो. म्हणून त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. ती खाली टाकली तर काँक्रीट सुकेपर्यंत काही कळत नाही, छज्जा छान दिसतो. पण खालचे टेकू काढले की तो भिंतीपाशी मोडतो आणि खाली येतो. भाऊंच्या सेक्शनमध्ये सळई वर होती, जाड रेघेने काढलेली, आणि तिच्यावर गोलात नंबर होता. पहिल्या शीटच्या तक्त्यात त्या नंबरापुढे लिहिलं होतं की छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला ठेवणे, आणि काँक्रीट ओतताना ती खाली दबू न देणे.

एका दुपारी सरांना फोन आला. ते उभं राहून ऐकत होते, मग बसले. फोन ठेवल्यावर भाऊंना एवढंच म्हणाले, "चलो मेरे साथ." दोघं गेले.

आम्हाला जे कळलं ते संध्याकाळी, भाऊ परत आल्यावर, आणि तेही तुकड्यातुकड्यांत. सकाळी टेकू काढले होते. दुपारी जेवायच्या सुट्टीत ऊन चढलेलं, साइटवर दुसरी सावली नव्हती, म्हणून काही मजूर त्या छज्ज्याखाली डबे घेऊन बसले. बाकीचे पाणी प्यायला उठले होते. एक रेजा बसून राहिली होती. बाया मजुरांना आमच्याकडे रेजा म्हणतात. ती मंडल्याकडच्या एका गावची होती, नवऱ्याबरोबर कामाला आलेली. छज्जा तिच्यावर आला आणि ती तिथेच गेली.

भाऊंनी हे सांगितलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. छज्ज्याचं सेक्शन उघडलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं, शेवटी पडद्यावर फक्त ती जाड रेघ आणि गोलातला नंबर उरला. खालचा दवाखाना बंद झाला होता, त्यामुळे खूप शांत होतं. मी घरी जायला निघाले तेव्हाही ते तसेच बसलेले होते.

चौकशी झाली. पोलीस येऊन गेले, महापालिकेचे लोक आले, कॉलेजातले एक इंजिनिअर आले. आमच्या सगळ्या शीट्स त्यांनी नेल्या. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: ड्रॉइंग बरोबर आहे, टीप बरोबर आहे, साइटवर सळई खाली टाकली गेली. तिथे जो मिस्त्री सळई बांधत होता त्याच्याकडे फक्त सेक्शनच्या शीटची झेरॉक्स होती. पहिली शीट, जिच्यावर तक्ता होता, ती ठेकेदाराने त्याला दिलीच नव्हती. त्याच्या मते त्यावर नुसतीच लिखापढी होती. झेरॉक्सवर ती जाड रेघ पुसट आली होती. मिस्त्रीने स्लॅबची सळई खाली असते तशी हीही खाली बांधली. ठेकेदारावर जे व्हायचं ते पुढे होत राहिलं. आमच्या ऑफिसकडे कोणी बोटसुद्धा दाखवलं नाही.

सरांनी हे आम्हाला बसवून सांगितलं. ते हलके झाल्यासारखे दिसत होते, आणि तसं दिसण्याची त्यांना लाजही वाटत असावी, कारण बोलताना ते खिडकीकडे बघत होते. सगळ्यांना चहा मागवला. भाऊंचा चहा टेबलावर तसाच राहिला, त्यावर साय धरली.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ त्या बाईच्या नवऱ्याला भेटायला गेले. आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. मला त्यांनी ते बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तो अजून साइटच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहत होता. भाऊ त्याच्यासमोर बसले, पण आपण कोण हे त्यांना सांगता येईना. ड्रॉइंग म्हणजे काय, ते आपण काढलं म्हणजे काय, हे त्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगायचं? तो ऐकत राहिला आणि मग त्याने विचारलं, "साहब, कहीं और काम लगा दोगे क्या?" त्याला वाटलं भाऊ दुसऱ्या ठेकेदाराकडून आलेत. भाऊ उठून आले.

तेव्हापासून त्यांच्या कामात बदल दिसू लागला. आधी छज्ज्यांवर त्यांनी नंबराऐवजी पूर्ण वाक्य लिहायला सुरुवात केली. त्यात काही वावगं नव्हतं, मीही तसंच करू लागले. मग जिन्यांवर. मग पाण्याच्या टाक्यांवर, गॅलरीवर, खिडकीवरच्या पट्टीवर. प्रत्येक सळईला बाण आणि प्रत्येक बाणापुढे हिंदीत वाक्य. तेच वाक्य प्लॅनवर, तेच सेक्शनवर, तेच पुन्हा मोठ्या करून काढलेल्या तपशिलात. दाराच्या सेक्शनवर त्यांनी लिहिलं की दार बसवताना खाली कोणी बसलेलं नाही ना हे पाहावे. कंपाउंडच्या भिंतीवर लिहिलं की ताज्या बांधकामाजवळ मुलांना खेळू देऊ नये. अक्षरं एकमेकांवर चढू लागली. ती वाचता यावीत म्हणून ते शीट मोठी करत, आणि मग मोठ्या शीटवर आणखी जागा आहे म्हणून आणखी लिहीत.

दिवसभरात होणारं काम आठवडाभर चालू लागलं. एक ठेकेदार ऑफिसात येऊन, शीट टेबलावर पसरून, अगदी आदराने म्हणाला की यात भिंत कुठे आहे तेवढं दाखवा. कोणी हसलं नाही.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी भाऊंना सुट्टी घ्यायला सांगितलं, भाऊंनी घेतली नाही. डॉक्टरकडे जा म्हणाले, भाऊ हो म्हणाले आणि गेले नाहीत. शेवटी एके दिवशी भाऊ साइटवर गेलेले असताना सरांनी मला बोलावलं. एका शाळेच्या इमारतीचं काम मंजुरीसाठी अडलं होतं. त्या शीट्स भाऊंच्या टिपा पुसून साफ करायच्या होत्या. सरांनी डोळे चोळले आणि मराठीत बोलले, ऑफिसात पहिल्यांदाच. "तुम्हीच करा. बाकीचे करतील तर त्यांना फार लागेल."

मी बसले. सॉफ्टवेअरमध्ये एकाच तऱ्हेचा सगळा मजकूर एका फटक्यात निवडता येतो. निवडला की तो निळा होतो. त्या शाळेच्या सेक्शनवर निवडला तेव्हा सगळा पडदा निळा झाला. भिंती, जिने, काही दिसेना. मी वाचत गेले, कारण न वाचता पुसवेना. मधल्या सुट्टीत मुलं कुठे उभी राहतील, ऊन कुठून येईल, सावली कुठे पडेल, असंही त्यांनी लिहिलं होतं. मग मी पुसलं. इमारत खालून वर आली, स्वच्छ, त्या हिवाळ्यात त्यांनीच आम्हाला काढायला शिकवली होती तशी.

संध्याकाळी भाऊ आले, फाइल उघडली, पाहिली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्यांना माझ्या हातचं काम ओळखू येत असणारच. त्यांनी मशीन बंद केलं, खिशातली पेन्सिल टेबलावर ठेवली, पुन्हा उचलून खिशात टाकली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

आठवड्याने त्यांच्या बायकोचा मला फोन आला. मी तिला वहिनी म्हणत असे. दिवाळीत एकदोनदा भेट झालेली. म्हणाली की ते कोणाशीच बोलून नाही राहिले, तू ये, तुझं ऐकतील. मी स्कूटरवरून चेरीतालला त्यांच्या घरी गेले. पिशवीत त्या छज्ज्याच्या सेक्शनची एक प्रिंट घेतली होती. मला वाटलं होतं की समोर ठेवली, बोट ठेवून दाखवली, तर काहीतरी सुटेल.

भाऊ मागच्या खोलीत पलंगावर बसले होते. दाढी वाढली होती, पण कपडे इस्त्रीचे होते. ते वहिनीचं काम असावं. आधी मी पुसलेल्या टिपांबद्दल बोलायला लागले, तर त्यांनी हात हलवून थांबवलं. म्हणाले, ते बरोबर केलंस, मीही तेच केलं असतं. तेव्हा मी प्रिंट उलगडली.

"भाऊ, सळई वर आहे. नंबर आहे. टीप बरोबर आहे. सगळ्यांनी तपासून पाहिलं."

"मला माहीत आहे, बरोबर आहे."

"मग काहून असं करून राहिले तुम्ही?"

त्यांनी प्रिंटवरच्या नंबराच्या गोलावर बोट ठेवलं. मग फार हळू बोलले. "पहिले आपण काय करायचो? त्याच जागी लिहायचो. सळई ऊपर रखें. मी ते काढलं आणि नंबर टाकला. काहून, तर चांगलं दिसते म्हणून." मग म्हणाले, "तो मिस्त्री आहे ना, त्याच्याकडे गेलो होतो मी. त्याला विचारलं, पढ़ना आता है? तर म्हणाला, हिंदी पूरी पढ़ लेता हूँ साहब."

मी म्हणाले की वाचता येत असूनही त्याने वाचलं नसतं कदाचित, घाईत माणसं कुठे वाचतात.

"कदाचित," भाऊ म्हणाले. "पण वाचलं असतं का नसतं, हे आता कोणाला विचारू?"

वहिनी दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. ती आत आली, बशा ठेवल्या, आणि प्रिंटची घडी घालून माझ्या पिशवीत परत ठेवली. आम्ही तिघांनी पोहे खाल्ले. भाऊंनी माझ्या आईची तब्येत विचारली, स्कूटर नीट चालते का विचारलं. निघताना फाटकापर्यंत आले.

मी सरांना सगळं सांगितलं. सर दुसऱ्या दिवशी स्वतः चेरीतालला गेले. त्यांनी भाऊंना सांगितलं की तुम्ही या, ड्रॉइंग नका काढू, फक्त नव्या मुलांना शिकवा. भाऊ नाही म्हणाले. कोणाला शिकवायला माझ्या हातात आता काही नाही, असं म्हणाले म्हणे. तक्त्याची फाइल कोण सांभाळणार हा प्रश्न आला आणि ती माझ्याकडे आली. मी नंबर ठेवले, कारण नंबरांशिवाय एवढी कामं उरकणं शक्य नव्हतं. पण जिथे चुकलं तर माणूस मरू शकतो तिथे शब्दही ठेवले. कुठे काय ठेवायचं हे ठरवताना मला अनेकदा फोन उचलून त्यांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्यांना पुन्हा त्यात ओढायचा धीर झाला नाही.

पुढे मी लग्न होऊन शहरातच दुसऱ्या ऑफिसात गेले. बऱ्याच काळाने, थंडीच्या दिवसांत, सदरच्या बाजारात भाऊ आणि वहिनी दिसले. स्वेटरच्या दुकानातून बाहेर पडत होते. केस पांढरे झाले होते. मला पाहून खूश झाले, तसं म्हणाले तरी. आता एका सर्व्हेच्या कंपनीत आहेत, जमिनीचे नकाशे काढतात, शेतांच्या हद्दी, रस्ते, नाले. मी विचारलं, काम कसं आहे. म्हणाले, "चांगलं आहे. सपाट असते सगळं. त्यात उभं काहीच नाही."

मी चहा घेऊया म्हणाले तर घड्याळ पाहिलं आणि अच्छा, निघतो म्हणाले. वहिनी क्षणभर मागे राहिली. मी न विचारताच तिने सांगितलं की झोप येते आता, गोळ्या चालू आहेत, चिडचिड नाही. फक्त बाजारात असं चालतात बघ, किती सांगितलं तरी.

मी पाहिलं. दुकानांसमोरचा फुटपाथ रिकामा होता, वर दुकानांचे छज्जे होते, आणि भाऊ फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालले होते, ऑटो आणि स्कूटरच्या मधून. एका ऑटोवाल्याने जोरात हॉर्न दिला, काहीतरी बोलला. भाऊ बाजूला सरले, पण वाहनांच्याच बाजूला. वहिनी झपझप गेली, त्यांच्या उजव्या हाताला येऊन चालू लागली, म्हणजे येणारी गाडी आधी तिच्याकडे येईल अशी. ते दोघं चौकापर्यंत तसेच गेले.